उरलेल्या कापडाचा हिशेब

वाचकहो, प्रभू येशूच्या नावाने सलाम.

या महिन्याच्या गठ्ठ्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत आणि लांब पत्रं थोडी आखूड केली आहेत. सदर नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगते, मी पाळकीण नाही की धर्मशास्त्र शिकलेली नाही. नागपूरच्या मोहननगरात ३८ वर्षं शिलाई मशीनवर बसले, लोकांची मापं घेतली, मापं घेता घेता त्यांचं बोलणं ऐकलं. रोज पहाटे बायबल वाचते. उत्तरं देते ती एवढ्याच भांडवलावर.

मी इतवारीत एका कापडाच्या दुकानात आठ महिन्यांपासून काम करतो. मीटरपट्टीवर कापड ताणून मोजायचं, हे मालकांनी पहिल्याच दिवशी शिकवलं. “सगळेच करतात” म्हणतात. पगार ११,००० आहे, घरी आई आणि धाकटी बहीण. रविवारी मंडळीत मी गिटार वाजवतो, गातो. मागच्या रविवारी गाता गाता गळा दाटून आला आणि थांबलो. नोकरी सोडू का?
— एक तरुण, जरीपटका

बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू ज्या पट्टीवर कापड मोजतोस, ते कापड पुढे माझ्यासारखीच्या टेबलावर येतं. तिथे काय होतं ते तुला दुकानातून दिसत नाही, म्हणून आधी ते सांगते.

आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्या आठवड्यात एखादी आई दोन मुलांच्या गणवेशाचं कापड घेऊन यायची. कागदाची पुडी सोडून मी कापड टेबलावर सैल पसरायची, हाताने सुरकुत्या काढायची आणि टेप लावायची. अडीच मीटर म्हणून घेतलेलं कापड दोन मीटर चाळीस भरायचं. सुती कापड धुतल्यावर आटतं, ते वेगळं. हे पाण्यात पडायच्या आधीच कमी असायचं. मग मी काय करणार? बाही आखूड करता येत नाही, छातीचं माप कमी करता येत नाही. कमी करता येते ती फक्त दुमड. मुलीच्या ट्यूनिकला खाली चार बोटं दुमड ठेवली, तर पुढच्या जूनला उसवून ट्यूनिक लांब करता येतो आणि आईचं एका वर्षाचं कापड वाचतं. कापड कमी भरलं की दुमड जाते. वर्षभराने ती मुलगी गुडघ्याच्या वर गेलेला ट्यूनिक खाली ओढत शाळेत जाते, नाहीतर आई पुन्हा तुझ्याच दुकानात येते. मालक ज्याला “सगळेच करतात” म्हणतात, ते त्या मुलीचं पुढचं वर्ष असतं.

लेवीयचा १९ वा अध्याय उघड. “आपल्यासारखीच आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर” ही आज्ञा आपण सगळे पाठ म्हणतो, ती त्याच अध्यायात १८ व्या वचनात आहे. तसाच पुढे वाचत ३५ व्या वचनावर ये. तिथे लांबीच्या, वजनाच्या, मापाच्या बाबतीत अन्याय करू नका असं लिहिलंय. लांबीचं नाव तिथे वेगळं घेतलेलं आहे. शेजाऱ्यावरची प्रीती आणि मीटरपट्टी देवाने एकाच पानावर ठेवली आहेत.

आता नोकरीचं. लगेच सोडू नकोस. सकाळी शटर उघडल्यावर, गिऱ्हाईक यायच्या आधी मालकांना एकट्याला गाठ आणि शांतपणे सांग, “शेठ, मी मोजीन ते सैल मोजीन. ताणून मोजायला माझा हात धजत नाही. बाकी तुम्ही सांगाल ते काम करीन.” एवढंच. वैधमापनाचा २००९ चा कायदा आहे, मापावर सरकारी शिक्का लागतो, तपासणीही होते. पण त्यातलं काही त्यांच्या तोंडावर फेकू नकोस. तू निरीक्षक म्हणून गेलेला नाहीस. बायबलही लगेच काढू नकोस. तागे आवरणं, हिशेब, उधारीची वही, वेळेवर येणं या सगळ्यात तू दुकानातला सगळ्यात चोख मुलगा असशील, तर तुझ्या या एका नकाराला वजन येईल. कलस्सैकरांस ३:२३ त्या दिवशी सकाळी वाचून जा.

हेही तुला कामी पडेल. कुठल्या दुकानातलं कापड पुरतं आणि कुठलं पुरत नाही, हे नागपुरातली कुठलीही शिवणारी बाई बरोबर सांगेल. आम्ही गिऱ्हाइकांना तिकडेच पाठवायचो. हे मालकांना सांगायला हरकत नाही. पण फायदा होईल म्हणून सैल मोजू नकोस, नाहीतर फायदा झाला नाही की हात पुन्हा ताणेल.

ते ऐकणार नाहीत, कदाचित काढूनही टाकतील. म्हणून त्यांच्याशी बोलायच्या आदल्या रात्री आईला सगळं सांग. तिला हे बाहेरून कळायला नको. आणि पाळकसाहेबांकडे जाऊन स्पष्ट म्हण, की मला प्रामाणिक काम पाहिजे. आपल्या मंडळीत दुकानवाले आहेत, वर्कशॉपवाले आहेत, ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर बसलेले आहेत. तुझ्यासाठी नुसती प्रार्थना करून त्यांना मोकळं होता येणार नाही, असं मी इथे उघड लिहिते. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर आमच्या कार्यालयात कळवा, मी या मुलापर्यंत निरोप पोचवीन.

गिटार खाली ठेवू नकोस. गळा दाटतो आहे तोवर गा.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई रविवारची सुट्टी मागतात. पण रविवारी उपासनेनंतर आमच्याकडे पाहुणे असतात, भांडी खूप पडतात. जास्तीचे पैसे द्यायची आमची तयारी आहे. यात काही चूक आहे का?
— एक भगिनी, बैरामजी टाउन

चूक आहे, ताई. शब्बाथाची आज्ञा बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात पूर्ण वाचा. तुझ्यासारखाच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, असं तिथे कारणासकट दिलेलं आहे. त्या बाई मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात तुमच्याकडे आल्या, आता पावसात भिजत येतात. त्यांनाही लेकरं आहेत, आणि लेकरांना आई घरी सापडते ती एका रविवारी. पैसे वाढवायचे असतील तर सहा दिवसांचे वाढवा. रविवारची भांडी पाहुण्यांसोबत घासा. आमच्या घरी जावई आणि मुलगा उभे राहून घासतात, त्यात कुणाचा मान गेला नाही.

मी आमच्या गल्लीतल्या १२ बायकांची भिशी सांभाळते. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या फीसाठी त्यातले ४,००० रुपये कुणाला न विचारता वापरले. पुढच्याच महिन्यात भरून टाकले, कुणाचं नुकसान झालं नाही, कुणाला कळलंही नाही. देवाजवळ रडून क्षमा मागितली. तरी भिशीचा दिवस आला की पोटात गोळा येतो. देवाने क्षमा केली असेल तर असं का होतं?
— एक आई, गिट्टीखदान

माझ्या बहिणी, या पत्राला उत्तर देताना मला स्वतःची एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी आजवर छापील कधी सांगितली नव्हती.

साल १९८६. मी २७ वर्षांची, मशीन घेऊन चार वर्षं झालेली. सदरमध्ये राहणाऱ्या एका शिक्षिकेच्या मुलीचं लग्न होतं. त्यांनी लग्नाच्या गाऊनसाठी सात मीटर पांढरं साटीन आणून दिलं. तेव्हाचं चांगलं जाड साटीन, हातात धरलं की पाण्यासारखं घसरायचं. मी कागद लावून, नीट बसवून कापलं आणि एक मीटर दहा सेंटिमीटर उरलं. आमच्या धंद्यात तेव्हा रीतच होती, की उरलेलं कापड शिवणारीचं. गिऱ्हाईक विचारत नसे, आम्ही सांगत नसू. मी तो तुकडा घडी करून ट्रंकेत ठेवला आणि नाताळला माझ्या मुलीला त्याचा फ्रॉक शिवला. कमरेला गुलाबी रिबन लावली.

नाताळच्या दिवशी संडे स्कूलच्या पोरांनी गाणं म्हटलं. माझी मुलगी पुढच्या ओळीत, आणि त्या बाई तिसऱ्या बाकावर. उपासना सुटल्यावर त्या आमच्याजवळ आल्या, वाकून मुलीची बाही दोन बोटांत धरली आणि अंगठ्याने कापड चोळून पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “छान शिवलंस.” आणि निघून गेल्या. त्या अंगठ्याचं चोळणं मला आजही दिसतं.

त्यानंतर मी देवाजवळ किती रडले ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही त्यातून गेल्या आहात. अडीच महिने रोज क्षमा मागितली. देवाने पहिल्याच रात्री केली असणार, यात मला तेव्हाही शंका नव्हती. पण रविवारी त्या बाई दिसल्या की मी दुसऱ्या दाराने बाहेर पडायची.

मग एका पहाटे लूकचा १९ वा अध्याय आला. यरीहोचा जक्कय जकातदार, उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याला म्हणतो, खाली उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. ती गोष्ट मी संडे स्कूलपासून ऐकत आले होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की येशू त्याच्याशी पैशाबद्दल एक शब्दही बोलत नाही. हिशेब मागत नाही, वही उघड म्हणत नाही. जक्कय आपण होऊन उभा राहतो आणि म्हणतो, अर्धं द्रव्य गरिबांना देतो, आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. प्रभू घरी आला, तेव्हा त्याला ज्यांचं घेतलं ती माणसं आठवली.

चौपट साटीन घेण्याची माझी ऐपत नव्हती. दोन आठवड्यांच्या शिलाईचे पैसे साठवून सीताबर्डीवर गेले, तसंच साटीन सव्वा मीटर घेतलं आणि त्या बाईंच्या घरी गेले. दारातच सांगितलं, की तुमच्या गाऊनमधून एक मीटर दहा उरलं होतं, मी ते न विचारता ठेवलं, माझ्या मुलीच्या अंगावर तुम्ही पाहिलं ते तेच.

त्यांनी मला मिठी मारली असेल असं तुम्हाला वाटत असेल. तसं काही झालं नाही. त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. “ठेव तिथे” एवढं म्हणाल्या आणि मी पुडी खुर्चीवर ठेवून परत आले. पुन्हा कधी त्यांनी माझ्याकडे शिवायला टाकलं नाही. दोन-तीन गिऱ्हाइकंही त्यांच्यामागे गेली. सदरहून मोहननगर काही फार लांब नाही, पण त्या दिवशी मी रस्ताभर रडत आले. आणि पुढच्या रविवारी पहिल्या दाराने आत गेले.

तेव्हापासून दुकान बंद करेपर्यंत माझ्याकडे एकच रीत राहिली. शिवलेल्या कपड्याच्या घडीत उरलेला तुकडा टाचणीने लावून द्यायचा, वीतभर असला तरी. कुणी त्याचं ठिगळ करायचं, कुणी गोधडीत घालायचं, कुणी तिथेच टाकून द्यायचं. ते त्यांचं कापड, त्यांनी ठरवावं.

आता तुमचं. देवाची क्षमा पुरी झाली आहे, तिच्यावर शंका घेऊ नका. वधस्तंभावर काही बाकी राहिलेलं नाही. पण त्या १२ बायकांचा विश्वास तुमच्याकडे ठेव म्हणून होता आणि तो तुम्ही त्यांना न विचारता वापरला. पैसे परत गेले, विश्वासाबद्दल मात्र त्यांच्याशी बोलणंच झालेलं नाही. पोटातला गोळा त्याचा आहे, आणि तो तुम्हाला त्रास द्यायला आलेला नाही असं मला वाटतं.

पुढच्या भिशीला, चहाच्या आधी सांगा. चहानंतर बायका उठायच्या घाईत असतात. किती रुपये, कुठल्या महिन्यात, कधी भरले, एवढंच सांगा. फीचं कारण काढू नका. कारण सांगितलं की कबुली अर्धी होते आणि समोरच्यांना तुमची समजूत घालावी लागते. मग म्हणा, की यापुढे भिशी कुणी सांभाळायची ते तुम्ही ठरवा, वही मी सोबत आणली आहे. वही खरंच सोबत न्या.

कुणीतरी लागेल असं बोलेल. “आम्हाले आधीच वाटत होतं माय” असं म्हणणारी एक तरी असतेच. तिला उत्तर देऊ नका. कदाचित भिशी तुमच्याकडून काढून घेतील, कदाचित त्यातली एखादी संध्याकाळी एकटी तुमच्या दारात येऊन स्वतःचं काही सांगेल. दोन्हीची तयारी ठेवा. मला पुढच्या महिन्यात पत्र लिहा, मी वाट पाहीन.

शेजारच्या काकू दरवर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला बोलावतात. २० वर्षांचं शेजार आहे, माझ्या बाळंतपणात त्यांनीच सगळं केलं. सासरे म्हणतात की मूर्तीला दाखवलेलं अन्न आपल्याला चालत नाही. दरवर्षी मी काहीतरी खोटं कारण सांगते. यंदा काय करू?
— एक सून, मानेवाडा

सगळ्यात आधी ते खोटं कारण बंद करा. महालक्ष्म्या बसतात त्या घरात बाई तीन दिवस राबते. सोळा भाज्या, आंबील, कढी, वडे, पुरणपोळी. इतकं करून तिने बोलावलं आणि आपण दर भाद्रपदात ‘बरं नाही’ म्हणतो. तिला ते कळत नसेल असं समजू नका.

करिंथच्या मंडळीत नेमका हाच प्रश्न पडला होता आणि पौलाने त्यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. पहिल्या पत्राचे ८ ते १० अध्याय सासऱ्यांसोबत बसून वाचा. मूर्ती काही नाही, देव एकच, असं तो म्हणतो. कुणी जेवायला बोलावलं तर जे वाढतील ते काही न विचारता खा, असंही म्हणतो. आणि लगेच पुढे म्हणतो, की हे नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं तर त्याच्यासाठी, त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात तर खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, अशी दोघांनाही समज आहे. आपल्यात पहिल्या समजेपेक्षा दुसरी जास्त मोडली जाते.

माझं सांगते. मी पूजेला, आरतीला थांबत नाही, ओटी भरून घेत नाही. हे आमच्या शेजारणीला पहिल्याच वर्षी हात हातात घेऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, “एवढंच ना? जेवाले तर येशील?” मी जाते, पंगतीत बसते. माझी थोरली बहीण मात्र जेवत नाही. ती आदल्या दिवशी जाऊन भाज्या निवडून देते, पुरण वाटून देते आणि घरी येते. आम्हा दोघींत यावरून कधी वाद झाला नाही.

तुमच्या घरात सासऱ्यांचं मन याबाबतीत हळवं आहे. त्यांच्याशी भांडून, त्यांना दुखवून जेवायला जाणं मला पटत नाही. बहिणीसारखं करा. या वर्षी स्वतः काकूंकडे जा, फोनवर नको, आणि खरं ते सांगा. जेवता येणार नाही, पण आदल्या दिवशी माझे हात तुमचे, असं म्हणा. बाळंतपणात जिने तुम्हाला न्हाऊ घातलं तिच्या ओट्यापाशी दिवसभर उभं राहायला सासऱ्यांचीही हरकत नसेल. आणि नाताळचा फराळ तिच्याकडे सगळ्यात पहिला गेला पाहिजे, ताट झाकून, तुमच्या हाताने.

मी मिहानमध्ये नोकरी करते. टीममध्ये एकटीच ख्रिस्ती. रोज स्टेटसला वचन ठेवते, पण प्रत्यक्ष कुणाशी बोलायची हिंमत होत नाही. साक्ष द्यायची सुरुवात कशी करू?
— एक युवती, वर्धा रोड

पोरी, यापोच्या टबीथाची गोष्ट काढ, प्रेषितांची कृत्ये, ९ वा अध्याय. माझी ती फार लाडकी, कारण ती शिवणारी होती. ती वारली तेव्हा पेत्र आला आणि विधवा रडत रडत त्याला काय दाखवू लागल्या? तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे. टबीथाचं एकही वाक्य बायबलात नाही. तिने काय म्हटलं ते कुणाला सांगावंसं वाटलं नाही, अंगावरचं कापड पुढे केलं.

आपल्या नागपूरशी जोडलेलीही एक हकीकत आहे. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक परदेशी गृहस्थ होते. त्यांनी टिळकांना आदराने जागा दिली, कवितेवर गप्पा मारल्या, टिळकांचं ऐकून घेतलं आणि उतरताना नवा करार हातात दिला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मधल्या काळात त्यांनी स्वतः वाचलं, झगडले, प्रश्न विचारले. डब्यात घडलं ते एवढंच, की एक माणूस दुसऱ्याशी सभ्यपणे वागला.

स्टेटस ठेव, त्याला माझी ना नाही. पण टीममध्ये डबा एकटीने खाणारी कोण आहे ते बघ. चूक तुझी असेल तर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ‘माझी चूक’ म्हण. कुणाच्या मागे बोलणं सुरू झालं की तिथून ऊठ. पेत्राच्या पहिल्या पत्रात ३:१५ ला विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असं आहे, आणि तेही सौम्यतेने. कुणीतरी विचारेल. त्या दिवशी दोन वाक्यं बोल, जास्त नको.

धाकट्या भावाशी सहा वर्षं बोलणं नाही. वडिलांच्या घराची वाटणी झाली, मधे भिंत घातली. त्याच्या पत्र्याचं पाणी दर पावसाळ्यात माझ्या अंगणात पडतं. चूक पूर्ण त्याची आहे, कागद माझ्याकडे आहेत. आम्ही एकाच मंडळीत, वेगवेगळ्या बाकांवर. अशा स्थितीत मी प्रभुभोजन घ्यावं का?
— एक वाचक, मार्टिननगर

दादा, मत्तयच्या ५ व्या अध्यायातलं वचन तुम्हाला पाठ असेल. वेदीवर दान ठेवताना आठवण झाली, तर दान तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर. पण आठवण कशाची, ते पुन्हा वाचा. ‘तुझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे’ असं तिथे नाही. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, असं आहे. कागद कुणाकडे आहेत हे प्रभूने विचारलेलंच नाही. सहा वर्षांत भावाच्या मनात काय साठलंय ते तुम्हाला ठाऊक आहे का? पत्रात त्याची एकही तक्रार तुम्ही लिहिलेली नाही.

२९ नोव्हेंबर १९७० चा दिवस मला आठवतो. मी ११ वर्षांची होते. सदरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलला त्या दिवशी सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. आईने मला नवे बूट घातले होते आणि ते चावत होते, म्हणून माझं अर्धं लक्ष पायांकडे. पण आमच्या आजोबांचं रडणं मी पाहिलं. लहान बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की माणूस मोठा झाल्यावर, यावर आजोबा आयुष्यभर ज्यांच्याशी वाद घालत आले, तसे लोक त्या दिवशी त्यांच्या शेजारी उभे होते. एकत्र येण्याची बोलणी १९२९ पासून चाललेली होती. ४१ वर्षं. बोलणी सुरू करणाऱ्यांतले कितीतरी तो दिवस पाहायला उरले नाहीत, तरी त्यांनी बोलणं सोडलं नव्हतं. आणि बाप्तिस्म्याबद्दल कुणाचंच मत बदललं नव्हतं. दोन्ही रीती मान्य करून ते एकत्र आले.

म्हणून भिंत पाडायच्या गोष्टी आत्ता करू नका. वाटणी झाली ती झाली. पाण्याचं बघा. पत्र्याला पन्हाळ लावायला किती खर्च येतो ते एखाद्या मिस्त्रीला विचारा, अर्धे पैसे खिशात ठेवा आणि भावाच्या दारात जा. कागद घरी ठेवून जा. तो बसा म्हणाला तर बसा, नाही म्हणाला तर उभ्याने सांगा. आधी त्याला बोलू द्या. तो जे सांगेल त्यातलं निम्मं तुम्हाला खोटं वाटेल, तेव्हाही मधे तोंड घालू नका.

प्रभुभोजन घ्यावं की नाही हे पाळकसाहेब सांगतील, तो त्यांचा अधिकार. मी एवढंच सांगू शकते, की येत्या रविवारी घरातून अर्धा तास आधी निघा आणि पहिलं शेजारच्या दारावर थाप द्या. बोलणं लांबलं आणि उपासनेला उशीर झाला, तर होऊ द्या. मागच्या बाकावर जागा असते, दोघांनाही.